चित्ता

चित्ता हा भूचर प्राण्यांत सर्वांत वेगवान होय. कोल्हापूर संस्थानात शिकविलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत. बंदिवासात चित्त्यांची वीण क्वचितच होई. म्हणून रानातलेच चित्ते धरीत. पुढे बंदुकीची शिकार वाढली, माळराने नांगराखाली गेली आणि चित्ते दुर्मिळ झाले. तेव्हा कोल्हापुरास ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९४७ साली कोरिया संस्थानात एका रात्री तीन चित्ते मारले गेले. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले. गेलेला प्राणी परत आणण्यास पाऊणशे वर्षे लागली. तोही परदेशातून आणावा लागला.

प्रश्न : आपल्या गावच्या माळावर पूर्वी आढळणारा कोणता प्राणी आता दिसत नाही? वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.