बागेतील सिमेंटच्या पुतळ्यांची निगा : पाणी, खते आणि कीटक

कृषी विज्ञान केंद्रे, रोपवाटिका आणि कृषी पर्यटन केंद्रे यांच्या आवारात बैलजोडी, शेतकरी किंवा पशुपक्षी यांचे सिमेंट काँक्रीटचे पुतळे उभारले जातात. चंदीगड येथे नेकचंद यांनी सिमेंट व टाकाऊ वस्तूंतून साकारलेले रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि ते आजही पाहावयास मिळते. काँक्रीटची मूर्ती उघड्यावर अनेक दशके टिकू शकते. मात्र तिच्यात पाणी मुरू न देणे व तिच्यावर पाणी साचू न देणे, ही निगेची पहिली अट होय.

हानी कशी होते?
काँक्रीट सच्छिद्र असते. त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील सळई गंजण्यापासून सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे हा गुण हळूहळू कमी होतो. त्यानंतर ओलावा सळईपर्यंत पोहोचल्यास गंज चढतो, तो फुगतो आणि गिलावा तडकतो. किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे ही क्रिया वेगाने घडते. हिमालयीन भागात तड्यांतील पाणी गोठून सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व तडे रुंदावतात.

शेतीच्या आवारात आणखी एक धोका असतो. अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट ही खते काँक्रीटला अपायकारक आहेत. त्यामुळे चौथऱ्यालगत खतांची पोती ठेवू नयेत व खत फोकू नये. तुषार सिंचनाचे क्षारयुक्त पाणी सतत अंगावर पडल्यास पुतळ्याला पांढरा लोणा लागतो. म्हणून तुषारांची दिशा बदलावी.

कीटकांचा संबंध
पुतळ्याची ओंजळ, टोपलीचा खोलगट भाग किंवा पायांतील खळगे येथे पावसाचे पाणी साचते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास अशा ठिकाणी पाण्याच्या पातळीलगत अंडी चिकटवतो. ही अंडी कोरड्या अवस्थेत अनेक महिने जिवंत राहू शकतात. अनुकूल तापमानात अंडी उबल्यापासून प्रौढ डास तयार होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. म्हणून केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही; आठवड्यातून एकदा खळगे घासून कोरडे करावेत. शक्य तेथे ते सिमेंट मसाल्याने उताराचे करून कायमचे बुजवावेत. शेतकरी व शालेय मुले ज्या आवारात शिकण्यासाठी येतात, तेथेच डासांची पैदास होऊ देणे योग्य नव्हे.

कुंभारीण माशीची मातीची घरटी मात्र काँक्रीटला इजा करीत नाहीत. तिच्या काही जाती पिल्लांसाठी अळ्यांची शिकार करतात, त्यामुळे त्या शेतीस उपकारक ठरतात. घरट्यावर कीटकनाशक फवारू नये. बाहेर पडण्याचे छिद्र दिसणारे रिकामे घरटे भिजवून लाकडी पट्टीने काढावे. वाळवी काँक्रीट खात नाही. परंतु आत बांबू वा लाकडाचा सांगाडा असल्यास ती तड्यांतून तेथपर्यंत पोहोचते. मातीच्या नळ्या दिसताच तडे तपासावेत.

स्वच्छता व दुरुस्ती
• शेवाळ व दगडफूल प्रथम भिजवून नारळाच्या काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने काढावे. आम्लाने सिमेंट विरघळते, तर तारेच्या ब्रशचे लोहकण मागे राहून गंजाचे डाग पडतात, दोन्ही टाळावेत.
• पावसाळ्यापूर्वी बारीक तडे पॉलिमरयुक्त सिमेंट मसाल्याने भरावेत. सळई उघडी पडली असल्यास गंज खरवडून, गंजरोधक लेप देऊन मगच मसाला भरावा.
• पुतळा पूर्ण कोरडा झाल्यावर बाष्प बाहेर जाऊ देणारा सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा जलरोधक लेप द्यावा. ओल्या काँक्रीटवर जाड ऑइल पेंट दिल्यास ओलावा आत कोंडतो व रंगाला फोड येतात.
• चौथरा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असावा व त्यावरील पाणी बाहेर वाहून जावे.

शेवाळ, लोणा, डासांच्या अळ्या व गंजाचे डाग या चारही लक्षणांचा माग घेतल्यास बहुधा पाण्यापर्यंतच पोहोचता येते. त्यामुळे औषध शोधण्याआधी पाणी कोठून येते व कोठे थांबते, हे पाहणे हिताचे ठरते.