चहा : काढा की फांट?

मराठीत ‘चहा’ हा एकच शब्द आपण निदान तीन निरनिराळ्या वस्तूंना लावतो. दूध-साखर घालून पातेल्यात खळखळ उकळतो तो चहा. परसातल्या आळ्यातून कापून आणलेले लांब सुवासिक पाते, तो गवती चहा. आणि वाण्याच्या दुकानापासून वसतिगृहाच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचलेल्या, दोरा लावलेल्या कागदी पिशव्या, तो ‘ग्रीन टी’. शब्द एक म्हणून कृतीही एकच, असे आपण गृहीत धरतो. तिन्ही वस्तू सारख्याच निष्ठेने उकळतो आणि मग हिरवा चहा कडूझार लागतो अशी तक्रार करीत नाक दाबून पितो. औषध म्हटले की कडू असायचेच, ही समजूत त्या वेळी मदतीला येते.

हा कडूपणा पानाचा कमी आणि आपल्या आधणाचा अधिक आहे, एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेपुरताच. परंतु एक किटली, एक घड्याळ आणि चार मैत्रिणींच्या जिभा एवढ्या साधनांवर जे पडताळून पाहता आले ते, आणि वाचनात जे आले ते, येथे मांडीत आहे.

एक झाड, अनेक चहा

हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग ही निरनिराळ्या झाडांची नावे नव्हेत. हे सारे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांपासून होतात. लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी असे त्या झाडाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पण चहाचे खरे भेद पडतात ते पान खुडल्यानंतर.

सफरचंद कापून ठेवले की तपकिरी पडते. चहाचे पान चुरगळले की त्याचेही तसेच होते. पानातील विकर हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने तेथील तुरट द्रव्यांचे रूप पालटतो. काळ्या चहासाठी पाने कोमेजू देऊन, मळून ही क्रिया पुरती होऊ देतात. हिरव्या चहासाठी ती सुरू होण्यापूर्वीच उष्णता देऊन थांबवतात. जपानात बहुधा वाफ देऊन, तर चीनमध्ये बहुधा कढईत परतून. ऊलाँगमध्ये ही क्रिया अर्ध्यावर रोखतात. पांढऱ्या चहात कोवळ्या कळ्या केवळ सुकवतात. चीनच्या युन्नान प्रांतातील पुअर चहा तर सूक्ष्मजीवांच्या हाती सोपवून मुरवला जातो.

आपल्या घरची पूड यांपैकी काळ्या चहाची. पण तिची घडण निराळी आहे. पान चुरणे, फाडणे आणि वळणे या तिन्ही क्रिया एकाच यंत्रात करण्याची पद्धत १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी आणली. तिच्यातून निघणारा बारीक गोळीदार चहा झटपट आणि दाट रंग देतो. त्यात दूध घातले की दुधातले केसीन हे प्रथिन तुरट द्रव्यांना धरून ठेवते आणि चव मऊ होते. म्हणजे आपला चहा उकळणे आणि दूध सोसण्यासाठीच घडवलेला आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र अखंड पानाचा हिरवा चहा त्या हेतूने घडवलेलाच नसतो.

हा हिरवा चहा केवळ परदेशी आहे असेही नव्हे. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहा होतो आणि तेथील हिरव्या चहाला नाव आहे. १९०५ च्या भूकंपाने तेथील मळे आणि कारखाने उद्ध्वस्त केले, तरी तो व्यवसाय पुरता मोडला नाही. २००५ मध्ये ‘कांगडा चहा’ला भौगोलिक मानांकन मिळाले. आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, दार्जिलिंग चहा हे मानांकन मिळवणारा भारतातला पहिला पदार्थ ठरला होता.

आधणाचा विचार

पाणी किती तापवावे हा प्रश्न जुना आहे. आठव्या शतकातील चिनी ग्रंथकार लू यू याने आपल्या चहाविषयक ग्रंथात आधणाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. पहिलीत माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे येतात, दुसरीत कडेने मोत्यांच्या सरी उठतात आणि तिसरीत लाटा उसळतात. त्यापुढे गेलेले पाणी त्याच्या मते चहाला निकामी. आले, पुदिना, संत्र्याची साल घालून चहा उकळणाऱ्यांवर तर तो असा संतापतो की, आपल्या आल्याच्या चहाची त्याच्यापुढे धडगत नव्हती!

याच्या उलट टोकाला जॉर्ज ऑर्वेल. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या कादंबऱ्या ठाऊक असतात. पण १९४६ मध्ये त्यांनी उत्तम चहाचे अकरा नियम सांगणारा लेखही लिहिला होता. पाणी पानांवर पडतानाही उकळतच असले पाहिजे, हा त्यांतला एक नियम. मग दोघांत खरा कोण? दोघेही खरे, कारण ऑर्वेल यांच्यासमोर भारतीय आणि सिलोनी काळा चहा होता, तर लू यूच्या समोर चीनचा, काळ्या चहाची रीत निघण्याच्या कितीतरी आधीचा.

कारण असे आहे. पानातील कॅफीन आणि कॅटेचिन ही कडू-तुरट द्रव्ये गरम पाण्यात झपाट्याने उतरतात. पाणी जितके तप्त आणि वेळ जितका अधिक, तितकी ती जास्त. उलट हिरव्या चहाला गोडसर, भरीव चव देणारे थिआनीन कोमट पाण्यातही सहज उतरते. म्हणून मंद आधणात गोडवा पुढे येतो आणि कडूपणा मागे राहतो; उकळत्या आधणात नेमके याच्या उलट घडते. काळ्या चहात कॅटेचिनांचे रूप आधीच पालटलेले असते. त्याचा रंग आणि जोर काढायला कढत पाणीच लागते.

आता प्रत्यक्ष कृती. एका कपाला, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर पाण्याला, २ ग्रॅम पाने घ्यावीत. साधारण एक लहान चमचा. हिरव्या चहाला ७० ते ८० अंश सेल्सिअसचे पाणी आणि दीड ते दोन मिनिटे पुरतात. ग्योकुरो हा सावलीत वाढवलेला जपानी चहा ५० ते ६० अंशांवरच खुलतो. दार्जिलिंगच्या वसंतातील पहिल्या खुडणीला ८५ ते ९० अंश आणि तीन मिनिटे द्यावीत. ऊलाँगला ८५ ते ९५ अंश लागतात, आणि त्याच पानांवर पुनःपुन्हा पाणी ओतता येते. दुसऱ्या कपाची चव पहिल्याहून वेगळी लागते; ती ताडून पाहण्यातच त्याची मौज आहे. बिनदुधाच्या काळ्या चहाला मात्र उकळते पाणी आणि तीन ते पाच मिनिटे हवीत.

वसतिगृहात तापमापक कोठून आणायचा? त्याची गरज नाही. तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पाणी मिसळले की मिश्रण ८० अंशांच्या आसपास येते. तीनशे आणि सव्वीस यांची बेरीज करून चाराने भागले की हिशेब जुळतो. भांडे थंड असेल तर ते आणखी थोडे उतरते, तेही सोयीचेच. वेळ संपताच पाने गाळून वेगळी करावीत. पिशवी कपात तशीच ठेवून गप्पा मारीत बसणे म्हणजे उकळण्याचाच सौम्य प्रकार होय.

येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. काश्मीरचा गुलाबी नून चाय हिरव्या पानांचाच असतो. पण ती पाने खाण्याच्या सोड्यासह दीर्घकाळ उकळतात, घुसळतात आणि मग त्यात दूध व मीठ घालतात. तेथे उकळणे हा अज्ञानाचा नव्हे, तर परंपरेचा आणि हेतूचा भाग आहे. अर्थात प्रश्न उकळावे की नाही हा नसून काय हवे आहे म्हणून उकळतो, हा आहे.

चहा नसलेले चहा

गवती चहा, पुदिना, तुळस, जास्वंद, कॅमोमाइल यांत चहाचे पान मुळीच नसते. त्यांना चहा म्हणणे ही केवळ भाषेची सवय. त्यांच्यासाठी नेमका शब्दसंग्रह आपल्याकडे फार पूर्वीच झालेला आहे. आयुर्वेदात औषधी वनस्पतींच्या पाच मूळ कल्पना सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. उकळून आटवलेला तो क्वाथ. आपला ‘काढा’ तो हाच. थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला तो हिम. आणि गरम पाणी ओतून, थोडा वेळ ठेवून गाळलेला तो फांट. काढा आपण घरोघरी जपला. फांट हा शब्द मात्र वैद्यांच्या पोथीतच राहिला. शब्द गेला आणि त्याबरोबर कृतीतला भेदही गेला.

हा भेद व्यवहारात असा वापरावा. गवती चहाचा लिंबासारखा वास त्यातील सिट्रल या उडून जाणाऱ्या द्रव्याचा आहे. तो उघड्या पातेल्यात उकळला तर स्वयंपाकघर सुगंधी होते आणि कप रिकामा राहतो. म्हणून गवती चहा, पुदिना, तुळस यांचा फांट करावा : वरून कढत पाणी, घट्ट झाकण, पाच मिनिटे. आले, सुंठ, दालचिनी यांसारख्या मुळ्या आणि साली मात्र टणक असतात. त्यांचा काढाच हवा, दहा मिनिटे मंद आचेवर. हिरव्या चहाचाही हिम करून पाहावा. रात्री गार पाण्यात पाने टाकून सकाळी गाळली की तो आश्चर्य वाटावे इतका गोडसर लागतो.

आणखी एक नवल सांगते. इजिप्तमध्ये ‘करकदे’ नावाचे गडद लाल, आंबट पेय आवडीने पितात. दुकानांतून ‘हिबिस्कस टी’ म्हणून महाग विकले जाते ते हेच. ते होते लाल अंबाडीच्या बोंडांवरील मांसल संदलांपासून. ज्या अंबाडीची भाजी आपल्याकडे कण्या घालून करतात, तीच ही.

औषध की आस्वाद?

चहा औषध म्हणून पिणेही जुनेच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने, तेथील बनिये चहात गरम मसाला उकळून डोकेदुखी आणि पोटदुखीवर घेतात, असे नोंदवले आहे. आज तीच श्रद्धा वजनाकडे वळली आहे. परंतु हिरव्या चहापासून केलेल्या पदार्थांवरील प्रयोगांची कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये जी समीक्षा प्रसिद्ध केली, तिच्यानुसार त्यांनी वजनात होणारी घट इतकी अल्प असते की तिला वैद्यकीय महत्त्व नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट निराळी आहे. वजन उतरावे म्हणून आमच्या वसतिगृहातल्या कितीतरी मुली जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या हिरवा चहा घेतात. चहातील तुरट द्रव्ये पालेभाजी, बाजरी, डाळी यांतील लोहाला बांधून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्यांना लोहाची सर्वांत अधिक गरज, त्यांनीच ताटावर बसून ते घालवावे, हे दुर्दैव आहे. उपाय साधा आहे : जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे, आणि ताटात लिंबाची फोड घ्यावी. तसेच ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. ज्येष्ठमध फार दिवस आणि फार प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात नेहमीच्या चहाला त्यांनी टॅनिनमुळे घातक ठरवले. परंतु पाण्याला केवळ हलका सोनेरी रंग येईल असा केलेला चहा निरुपद्रवी मानला. चहाच्या कट्टर विरोधकालाही काढा आणि फांट यांतला फरक असा मान्य होता.

तेव्हा सकाळचा आल्याचा चहा खुशाल उकळावा. तो काढाच आहे आणि काढा म्हणूनच चांगला लागतो. हिरवे पान हाती आले की मात्र गॅस बंद करावा, एक वाटी गार पाणी मिसळावे आणि दोन मिनिटे घड्याळाकडे पाहावे. मग नाक दाबण्याची वेळ येणार नाही.