भंगारातल्या वस्तूंचे विजेवर सरकणारे फाटक

जुन्या गाडीची वायपर मोटर, सायकलची चेन, फ्रीव्हील आणि १२ व्होल्टची बॅटरी. एवढ्या सामानावर घरचे सरकते फाटक चालते. लखनौमध्ये यासाठी लाटूश रोड धुंडाळावा. मोटारी आणि यंत्रांच्या सुट्या भागांचा बाजार तिथेच आहे.

कॅडेट मित्रांनो, पहिला प्रश्न असतो, मोटर केवढी हवी? १५० किलोचे फाटक पाहून आपण घाबरतो. पण वजन रुळावरची चाके पेलतात. मोटरला फक्त घर्षणावर मात करायची असते. सामान तोलायचा ताणकाटा फाटकाला अडकवून सावकाश ओढा. काटा ५ किलो दाखवील, तर सुमारे ५० न्यूटन बल पुरे. १५ किलो दाखवला, तर मोठी मोटर आणू नका. रूळ सरळ करा, बेअरिंग बदला.

चेन फाटकाच्या दोन्ही टोकांना पक्की बांधावी आणि मधे मोटरवरच्या १८ दात्यांच्या फ्रीव्हीलवरून न्यावी. फ्रीव्हील एकाच दिशेला ओढते, म्हणून ते आधी वेल्डिंगने जाम करून घ्यावे. हे विसरलात तर फाटक उघडेल, मिटणार नाही! चेनच्या दोन कड्यांतले अंतर १२.७ मिलिमीटर. म्हणजे एका फेऱ्यात फाटक सुमारे २३ सेंटिमीटर सरकते. मिनिटाला ४५ फेरे धरले, तर ४ मीटरला साधारण २३ सेकंद लागतात. संथ वाटेल, पण घरात लहान मुले असताना हाच वेग बरा.

आता खरी काळजीची गोष्ट. फाटक अडले, तर मोटर जोर वाढवत जाते. अशा वेळी तिचे पीळबल २० न्यूटन-मीटर धरू. फ्रीव्हीलची त्रिज्या ०.०३६ मीटर. भागाकार येतो सुमारे ५५० न्यूटन, गरजेच्या अकरा पट! युरोपीय मानकात मिटत्या फटीतील धडकेच्या बलाला ४०० न्यूटनची मर्यादा आहे. फ्यूज तारा वाचवतो, बोटे नव्हे. म्हणून फ्रीव्हील थेट आसावर न बसवता स्प्रिंगने दाबलेल्या दोन घर्षण-चकत्यांमध्ये धरावे, आणि ताणकाट्यावर १२ किलोला ते घसरेल इतकाच स्प्रिंगचा दाब ठेवावा.

दोन्ही टोकांना लिमिट स्विच हवेतच. शिवाय रुळाच्या शेवटी जाड लोखंडी अडथळा वेल्ड करा. स्विच एखाद्या दिवशी चुकतो, आणि रुळावरून उतरलेले फाटक माणसावर पडते. पुष्कळ वायपर मोटरींचे ऋण टोक तिच्या धातूच्या अंगालाच जोडलेले असते. दिशा उलटली की तेच अंग धन होते, तेव्हा मोटर रबरी किंवा लाकडी पाटावर बसवा, खांबाला थेट नको.

वीज गेली तरी बॅटरी चालते. बॅटरीच उतरली तर? मोटरचा वर्म गिअर उलटा फिरत नाही, फाटक कुलूप लावल्यासारखे होते. म्हणून चेनचे एक टोक खिळीने अडकवा, आतून हाताने उपसता येईल असे, आणि ती खिळी घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, एकदा उपसून पाहायला लावा.