क्लोरिन डायऑक्साइड : तारक की मारक?

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर रसायनशास्त्राचे पुस्तक मिटले ते मिटलेच. ते पुन्हा उघडावे लागले २०२१ साली, कोरोनाच्या दिवसांत. माझ्या काकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून बाटलीतील थेंब लिंबूसत्त्वाच्या पाण्यात मिसळून घेतले आणि दोन दिवस उलट्या-जुलाबांनी ते बेजार झाले. बरे झाल्यावर म्हणाले, "ज्याने पाणी शुद्ध होते, त्याने रक्त का होऊ नये?" त्या प्रश्नाने मला अभ्यासाला बसवले.

बाटलीत सोडियम क्लोराइट होते. त्यात आम्ल मिसळले की क्लोरिन डायऑक्साइड हा पिवळसर हिरवा, उग्र वासाचा वायू तयार होतो. त्याच्या रेणूत क्लोरिनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन. क्लोरिनचे इलेक्ट्रॉन १७, ऑक्सिजनचे प्रत्येकी ८, बेरीज ३३. सोळा जोड्या जमतात, एक इलेक्ट्रॉन एकटाच उरतो. असा रेणू दुसऱ्या पदार्थाचा इलेक्ट्रॉन हिरावून घेण्यास टपलेला असतो. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात.

या गुणाचा माणसाने उत्तम उपयोग केला आहे. फिनॉलयुक्त पाण्यात क्लोरिन घातल्यास घाणेरडी चव येते; हा वायू ती येऊ देत नाही. म्हणून १९४४ साली अमेरिकेतील नायगारा फॉल्सच्या जलशुद्धीकरण केंद्रात तो वापरला गेला. कागदाच्या लगद्यातील लिग्निन तो नष्ट करतो. तंतूंना मात्र फारसा धक्का लावत नाही. २००१ साली वॉशिंग्टनमध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू आले, तेव्हा सिनेटच्या हार्ट इमारतीचे निर्जंतुकीकरण याच वायूने झाले.

परंतु हवेत त्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर गेले तर स्फोट होऊ शकतो. म्हणून तो साठवून दूर धाडत नाहीत; जेथे हवा तेथेच तयार करतात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.८ मिलिग्रॅम आहे. काकांच्या पेल्यातले प्रमाण कोणी मोजलेच नव्हते!

काकांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. जंतूचे प्रथिन कोणते आणि आपल्या जठराचे कोणते, हे त्या रेणूला कळत नाही. समोर येईल त्यावर तो तुटून पडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली, कोरोनापूर्वीच, असे द्रावण पिऊ नये असा इशारा दिला होता.

तारक की मारक, हे पदार्थ ठरवीत नाही. प्रमाण आणि जागा ठरवतात. काकांनी ती बाटली आता स्वयंपाकघरातून हलवली आहे.