बागेत या, पण तळ्यात उतरू नका

प्रश्न : मुलीकडे सिॲटलला गेलो असताना ती आम्हाला लेक युनियन तळ्याकाठच्या गॅस वर्क्स पार्कमध्ये घेऊन गेली. हिरवळ, पतंग उडवणारी मुले आणि मधोमध गंजलेल्या प्रचंड टाक्या, मनोरे, नळ्या! काठावर मात्र पाण्यात उतरायला मनाई असल्याची पाटी. बाग सर्वांना खुली, मग पाणी का नाही? ती जागा स्वच्छ झाली की नाही झाली? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जमिनीचा वरचा थर बऱ्याच अंशी सुरक्षित झाला आहे. खालची जमीन आणि तळ्याचा तळ अजून स्वच्छ झालेला नाही. थोडक्यात उत्तर हेच. पण या बागेची कहाणी सविस्तर समजून घेण्यासारखी आहे, कारण जुन्या कारखान्यांच्या जमिनी आता आपल्याकडेही मोकळ्या होत आहेत.

त्या टाक्या आणि मनोरे गॅस कारखान्याचे आहेत. विहिरीतून नैसर्गिक वायू मिळू लागण्यापूर्वी शहरे गॅस बनवून घेत. बंद भट्टीत हवा न देता कोळसा तापवला की ज्वलनशील वायू निघतो. तो धुऊन, गाळून नळांतून घरोघरी जाई. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये लागलेले गॅसचे दिवे अशाच गॅसवर जळत. सिॲटलचा हा कारखाना १९०६ मध्ये सुरू झाला. पुढे १९३० च्या दशकात तिथे कोळशाऐवजी खनिज तेल वापरू लागले. तुम्ही पाहिलेले उंच मनोरे या तेलापासून गॅस करणाऱ्या यंत्रणेचे. १९५६ मध्ये नळावाटे नैसर्गिक वायू शहरात पोहोचला आणि कारखाना बंद पडला.

गॅस जळून गेला, पण तो बनवताना निघालेले डांबर, काजळी आणि गॅस शुद्ध करताना उरलेला चोथा पन्नास वर्षे तिथल्याच जमिनीत मुरत राहिला. त्यात बेंझिन होते, आर्सेनिक होते आणि बेंझिनसारख्या कड्या एकमेकींना जोडून बनलेली अनेक संयुगे होती. यांतली काही संयुगे कर्करोगाला कारण ठरतात. कोळशाच्या डांबराचा स्वभावही त्रासदायक. ते पाण्यात सहजी विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा जड असते. त्यामुळे जमिनीत खाली खाली उतरत जाते आणि पाणी न झिरपणारा थर लागला की त्याच्या उतारावरून सरकू लागते. इथे उतार तळ्याकडे होता. बेंझिन मात्र थोडेफार विरघळते आणि भूजलाबरोबर पसरते.

पालिकेने १९६२ मध्ये ही सुमारे २० एकरांची जागा बागेसाठी विकत घेण्याचा व्यवहार केला. सगळी यंत्रे भंगारात काढून सपाट मैदान करावे, असेच बहुतेकांना वाटत होते. भूदृश्यरचनाकार रिचर्ड हेग यांनी मात्र मनोरे राखावेत असा आग्रह धरला आणि लोकांना तो पटवून दिला. जुन्या बॉयलरघराची सावलीतली सहलीची जागा झाली. पंप आणि कॉम्प्रेसर असलेल्या इमारतीतली यंत्रे रंगवून मुलांना खेळायला मोकळी केली. पाडकामाच्या राडारोड्याचा ढीग रचून, त्यावर चांगली माती घालून टेकडी केली. पतंग उडत होते ती हीच टेकडी. बाग १९७५ मध्ये खुली झाली.

मातीच्या बाबतीत हेग यांनी त्या काळी धाडसाचा मार्ग निवडला. सगळी माती उपसून दुसरीकडे टाकण्याऐवजी त्यांनी तिच्यात सांडपाण्याचा मैलागाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून ती नांगरून घेतली. हवा आणि खाद्य मिळाले की मातीतलेच जिवाणू तेलकट घाण खाऊन टाकतील, हा हिशेब. तो अर्धा बरोबर ठरला. कपाटातल्या पारंपरिक डांबरगोळीतले नॅप्थालीन हे दोन कड्यांचे संयुग. असली लहान संयुगे जिवाणू भराभर फोडतात. चार-पाच कड्यांची मोठी संयुगे मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात आणि दशकानुदशके टिकतात. घातक ठरतात ती मुख्यतः हीच. शिवाय नांगर पोहोचतो तो वरच्या थरापर्यंत. खोल गेलेल्या डांबराला त्याचा स्पर्शही होत नाही.

म्हणूनच १९८४ मध्ये तपासणीत मातीत ही संयुगे आढळली, तेव्हा बाग काही काळ बंद ठेवावी लागली. नंतर दूषित भागांवर स्वच्छ मातीचा थर टाकण्यात आला. २००० च्या सुमारास आणखी मोठे काम झाले. बागेच्या आग्नेय भागात भूजलाच्या पातळीखाली नळ्या घालून हवा सोडली गेली. हवेचे बुडबुडे वर येताना बेंझिनची वाफ बरोबर आणतात आणि ती वाफ दुसऱ्या नळ्यांनी ओढून घेतली जाते. त्या हवेतला प्राणवायू जिवाणूंच्याही कामी येतो. मोकळ्या जमिनीवर पुन्हा मातीचे जाड आवरण आणि हिरवळ आली. हिरवळीवर बसायला धोका नाही, तो या आवरणामुळे. म्हणूनच अशा बागेत कुणालाही मनमानी खणता येत नाही.

आता तळे. पाण्याखालच्या गाळात डांबर साचलेले आहे. कुणी काठाशी पाण्यात उतरले की पाय त्या गाळात जातात, गाळ ढवळतो. मनाई आहे ती यासाठी. हा गाळ काढायचा कुठे आणि जागीच झाकायचा कुठे, याचा अभ्यास आणि आखणी अनेक वर्षे चालू आहे. म्हणजे कारखाना जितकी वर्षे चालला, त्याहून अधिक वर्षे त्याची सफाई चालली आहे.

हा खर्च कोण करते, हे तुम्ही विचारले नाही, पण कळीचा मुद्दा तोच आहे. वॉशिंग्टन राज्यात १९८८ मध्ये नागरिकांनीच मतदानाने एक कायदा मंजूर केला. ज्याने जमीन नासवली त्याने आणि आज जो तिचा मालक आहे त्याने सफाई करावी, आणि घातक पदार्थांवर कर बसवून त्यासाठी निधी उभारावा, असा तो कायदा. त्यामुळे इथे मालक म्हणून पालिका आणि जुन्या गॅस कंपनीची वारस म्हणून आजची वीज-गॅस कंपनी, दोघांवरही जबाबदारी आली. राज्याचे पर्यावरण खाते त्यांच्यावर देखरेख ठेवते.

भारतात केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम २०२५ मध्ये अधिसूचित केले. त्यांतही प्रदूषण करणाऱ्यानेच भुर्दंड सोसावा हे तत्त्व आहे. उशीर किती झाला ते भोपाळमध्ये दिसते. तिथल्या कारखान्यातली वायुगळतीची दुर्घटना १९८४ ची. कारखान्याच्या आवारात साठवलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला नेऊन जाळला गेला तो २०२५ मध्ये, आणि तोही पीथमपूरच्या लोकांचा विरोध होत असताना. आपल्याकडची घाण उचलून दुसऱ्याच्या दारात नेली, तर तिला सफाई म्हणता येत नाही. आणि आवारातला कचरा हलला तरी जमिनीत आणि भूजलात मुरलेल्या विषाचा प्रश्न उरतोच.

सिॲटलच्या कामात चुका झाल्या. पहिला उपाय अपुरा पडला, वेळ फार गेला. पण तिथे तपासणी थांबली नाही, तिचे निष्कर्ष लोकांपासून लपवले गेले नाहीत, आणि जिथे धोका उरला तिथे तो उरला आहे असे पाटी लावून सांगितले गेले. माझ्या मते शहराची खरी कमाई ही आहे. विष शंभर टक्के काढणे कोणत्याही शहराला जड जाते. खरे सांगणे मात्र कोणत्याही शहराला शक्य आहे.

आपल्या शहरांत गिरण्या, रासायनिक कारखाने, जुने पेट्रोल डेपो हटतात आणि तिथे मनोरे उभे राहतात, उद्याने होतात. अशा जागी घर घेणार असाल, तर कागदपत्रांत सातबारा आणि बांधकाम परवान्याबरोबर आणखी दोन गोष्टी मागा : इथे पूर्वी काय बनत होते याची माहिती, आणि माती व भूजल तपासल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल. बिल्डर देत नसेल, तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. विचारणारे वाढले, तरच तपासणाऱ्यांना तपासावे लागेल.