दृष्टिहीन मुलांचे दात: स्पर्शाने शिकवायचा धडा



दात घासायला आपण पाहून शिकलो. आईने करून दाखवले, आपण तसेच केले. ज्या मुलाला दिसत नाही, त्याला ही वाट बंद असते. दातावरचा काळा डाग किंवा थुंकीतले रक्तही त्याला दिसत नाही. म्हणून दाढ ठणकू लागेपर्यंत कीड कळत नाही. पण दृष्टी नसल्यामुळे दात किडत नाहीत. ते नीट साफ न झाल्यामुळे किडतात. आणि सफाई शिकवता येते.

दात का किडतात?

दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो. गोड व पिठूळ खाण्यापासून हे जंतू आम्ल तयार करतात आणि त्याने दात झिजून पोखरतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. त्यामुळे ती दुधाचीच समजून दुर्लक्ष होते. ती गेली की पुन्हा येत नाही.

कसे शिकवावे?

बेळगावच्या दंतसंशोधकांनी 2012 साली अशा मुलांसाठी एक पद्धत मांडली. ऐकणे, चाचपणे आणि स्वतः करणे, हे तिचे तीन भाग. घरी किंवा वसतिगृहात ती अशी वापरता येईल:

1. हात लावण्यापूर्वी काय करणार ते मुलाला सांगा. अचानक तोंडाला स्पर्श झाला की मूल दचकते.
2. स्वच्छ धुतलेल्या बोटाने त्याला स्वतःचे दात मोजू द्या. दुधाचे दात 20 असतात.
3. दातांवरून जीभ फिरवायला सांगा. खरखरीत लागले तर थर आहे, गुळगुळीत लागले तर दात स्वच्छ आहे. जीभ हाच त्याचा आरसा.
4. मुलाच्या मागे उभे राहा, त्याच्या हातावर आपला हात ठेवा आणि ब्रश हिरडीपासून लहान गोलाकार फिरवा. क्रम रोज एकच ठेवा.
5. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी बोटावर घेऊन दातांना लावू द्या. ब्रशवर घेताना ती सांडते.
6. प्रत्येकाच्या ब्रशच्या दांड्याला वेगळी खूण करा: एकाला रबर, दुसऱ्याला दोऱ्याची गाठ. म्हणजे ब्रशांची अदलाबदल होणार नाही.

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन-दोन मिनिटे. तोंडात खारट, लोखंडासारखी चव आली तर मोठ्यांना सांगायला शिकवा. हिरडीतून थोडे रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये. ते येतच राहिले तर दंतवैद्यांना दाखवावे.

पाड्यावर घ्यायची काळजी

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती मुलांच्या हाती देऊ नये. राखेने व कोळशाने दात घासले जातात, पण झिजतातही. अडखळून पडल्याने पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवावा आणि तासाभरात दंतवैद्य गाठावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली पालघर येथून झाली. त्यात शाळा व अंगणवाडीतील मुलांची दृष्टी आणि दात दोन्ही तपासतात. पथक येईल त्या दिवशी आपल्या ओळखीचे दृष्टिहीन मूल घरी राहू नये, एवढे पाहा.

ब्रश आणि पेस्ट देणे सोपे आहे. त्यासोबत पहिले काही आठवडे रोज मुलाच्या हातावर हात ठेवणारे कोणीतरी हवे. पुढे ते मूल स्वतःचे दात स्वतः राखील.