आठवड्याला एक सू

योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया स्वतःच्या पैशातून येशूचा व शिष्यांचा खर्च भागवीत, असे लूककृत शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायात आपण वाचतो. पैशाचा व्यवहार पुरुषांनीच पाहावा असे मानणाऱ्या आपल्याला हे वचन सहसा आठवत नाही!

फ्रान्समधील लियॉनच्या पोलीन जारिको (१७९९-१८६२) या रेशीम-कारखानदाराच्या मुलीने मिशनकार्यासाठी कामगार मुलींकडून आठवड्याला एक ‘सू’, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, जमवायला सुरुवात केली. खुबी रकमेत नव्हती. एकीने दहा जणांकडून जमवायचे, अशा दहा गटांवर एक प्रमुख, शंभरांच्या दहा गटांवर आणखी एक. पैसा कोणाच्या हातून पुढे गेला हे कळत असे. यातूनच १८२२ मध्ये श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली. मिशन रविवारचे आपले दान तिच्याच कामी येते.

पुढे १८४५ मध्ये कामगारांच्या भल्यासाठी तिने लोखंडाचा कारखाना घेतला. तेथे मात्र कारभार ज्यांच्यावर सोपवला त्यांनीच फसवले. गोरगरिबांचे पैसे फेडता फेडता ती निष्कांचन होऊन वारली. २०२२ साली ख्रिस्तसभेने तिला धन्यवादित घोषित केले.

आपल्याकडे भगिनी घरोघर फिरून वर्गणी जमवतात, हिशेब मात्र बहुधा दुसरेच लिहितात. यंदा वही त्यांच्याच हाती द्यावी आणि कोणाच्या औषधाला, कोणाच्या फीला किती गेले (नावे न घेता) ते मिस्सानंतर वाचून दाखवावे, असे आम्हांला वाटते.